बिनदोरीचा फोन

एरवी या सदराला दोन स्तंभांची जागा मिळते आणि तीत कपाटाच्या हरवलेल्या किल्लीपासून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापर्यंत सारे काही कोंबावे लागते. दिवाळी अंकात संपादक जरा हात सैल सोडतात. तेव्हा या खेपेस एका यंत्राविषयी ऐसपैस लिहावे असा बेत आहे. यंत्र नवे नाही. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल असताना घरच्या फोनविषयी, त्यातून बिनदोरीच्या फोनविषयी लिहिणे म्हणजे मोटारीच्या जमान्यात टांग्याची जाहिरात करणे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! ज्यांच्या घरात ऐंशी ओलांडलेले माणूस आहे त्यांनी पुढे वाचावे. बाकीच्यांनी खुशाल पान उलटून राशिभविष्याकडे वळावे.

आमचे घर साताऱ्यातले, जुन्या वळणाचे. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. फोन सोप्यात, दाराजवळच्या कोनाड्यात. तो तिथे का, तर तो घरात आला तेव्हा तार तिथवरच आली म्हणून. आणि दुसरे असे की, नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या काळात फोन ही आल्यागेल्याच्या नजरेस पडावी अशी वस्तू होती. फोन सोप्यात आणि सासूबाई माजघरात नाहीतर परसात, मध्ये दोन उंबरे. घंटा वाजली की "आले, आले" असे त्या फोनलाच बजावत निघायच्या. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांतल्या एका उंबऱ्याला पाय अडखळला आणि डावे मनगट मोडले. सहा आठवडे हात गळ्यात. तो फोन कोणाचा होता, ते अखेर कळलेच नाही.

मोबाईल देऊन पाहिला होता. "हातात घेतला की दिवा लागतो, बोट लावलं की पळून जातो," असा त्यांचा शेरा. त्यांना बटणे हवीत. दाबली की दाबल्यासारखी वाटणारी. शिवाय मोबाईल चार्ज करायचा राहतो, उशीखाली जातो, 'सायलेंट' होऊन बसतो. घरच्या फोनचा नंबर मात्र त्यांच्या सगळ्या गणगोताला तोंडपाठ. तेव्हा नंबर तोच ठेवायचा आणि फक्त दोरी कापायची, असे ठरले.

ही दोरी कापण्याचा खटाटोप बराच जुना आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातले जॉर्ज स्वाइगर्ट नावाचे एक हौशी रेडिओवाले होते. त्यांना अशा फोनचे पेटंट १९६९ साली मिळाले. मुंबईत टेलिफोनचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले १८८२ मध्ये, म्हणजे तारेचे राज्य तोवर शंभरीला आले होते. ऐंशीच्या दशकातले बिनदोरीचे फोन फार चहाटळ असत. एकाच्या घरातले बोलणे शेजाऱ्याच्या संचात उमटावे, कधी तर शेजाऱ्याच्याच लाइनवरून आपला फोन लागावा, असले प्रकार अमेरिकेत होत. पुढे युरोपात नव्वदच्या दशकाच्या आरंभी 'डेक्ट' नावाची अंकीय पद्धत ठरली. तिच्यात बेस आणि हातातला संच एकमेकांना ओळखतात, परक्याला दाद देत नाहीत. आजकाल जे चांगले संच मिळतात ते या घराण्यातले. काही संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरातले वाय-फायही बहुधा त्याच पट्टीत बोलते, त्यामुळे दोघांची कुजबुज एकमेकांत मिसळू शकते. खोक्यावर हे छापलेले असते. विकत घेताना चष्मा लावून वाचावे.

आम्ही जोडसंच आणला. एक बेस, दोन हातातले फोन, दुसऱ्याला ठेवायला वेगळी छोटी बैठक. खोक्यात इंग्रजी पुस्तिका निघाली आणि तिच्याबरोबर एक हिंदी चोपडे, जे इंग्रजी पुस्तिका वाचल्याशिवाय समजत नव्हते. आमच्या ह्यांनी ती चाळून "सोपं आहे" एवढे सांगितले आणि ते कचेरीत निघून गेले. चिरंजीवांना पुस्तिका लागतच नाही. उरले मराठीची मास्तरीण.

पहिली गोष्ट बॅटऱ्यांची. या फोनमध्ये पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या निकेलच्या बॅटऱ्या असतात, १.२ व्होल्टच्या. त्यांच्या मापाचे साधे सेल वाण्याकडे मिळतात आणि आत बसतातही. पण ते घालून फोन बैठकीवर ठेवला की तो त्यांनाही भरू पाहतो, आणि साधा सेल असा भरला तर गळू शकतो, फुटूही शकतो. वर्षा-दोन वर्षांनी बॅटरी बदलाल तेव्हा हे ध्यानात असू द्या. पहिल्यांदा १६ तास भरू द्या, असे आमच्या पुस्तिकेत होते. सासूबाई तेवढा वेळ विरजणाकडे बघावे तशा अधूनमधून त्याच्याकडे बघून जात होत्या.

दुसरी गोष्ट जागेची, आणि इथेच पुष्कळ घरांत घोळ होतो. बेस जुन्या फोनच्याच जागी ठेवतात आणि मग आत ऐकू येत नाही म्हणून फोनला नावे ठेवतात. मोकळ्या मैदानात ३०० मीटर आणि घरात ५० मीटर हे पुस्तिकेतले आकडे. ते लिहिणाऱ्याने आमच्या दीड हात जाडीच्या भिंती पाहिलेल्या नाहीत. दगडमातीची भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, यांच्यापुढे रेडिओची लहर नरम पडते. म्हणून चार हात तार वाढवून बेस माजघरात नेला, कपाटापासून आणि वाय-फायच्या डबीपासून लांब, दाराच्या वर फळी ठोकून तीवर बसवला. मग चिरंजीव मोबाईलवरून बोलत राहिले आणि मी हातात फोन घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघरात लख्ख. न्हाणीघरापाशी शब्दांचे तुकडे गळू लागले. जुना फोन बिघडला की खरखरायचा, हा खरखरत नाही, मधले मधले गिळतो. धुण्याच्या दगडापाशी कानात टूं-टूं असा इशारा आला, आणि पेरूच्या झाडाखाली फोन बंद. हद्द अशी पायांनी मोजावी, आकड्यांवर विसंबू नये.

मग सासूबाईंसाठी मराठी पुस्तिका लिहायला बसले. वर्गात पारिभाषिक शब्दांवर व्याख्यान देणे निराळे आणि ऐंशी वर्षांच्या बाईला बटण कळेल असे लिहिणे निराळे. 'दूरध्वनी' हा सावरकरांचा शब्द सरकारी कागदावर जाऊन बसला, आमच्या घरात फोन फोनच राहिला; तेव्हा त्याला हात लावला नाही. 'टॉक' म्हणजे हिरवे बटण: उचल. लाल बटण: ठेव. हे 'ठेव' त्यांना पटेना. फोन हातातच असताना तो ठेवला कसा? जुन्या फोनला खाली ठेवणे हेच बंद करणे होते. इथे बटण दाबायचे आणि मग हवा तिथे ठेवायचा. "लाल दाबलं की तिकडच्याला ऐकू येणं बंद," असे लिहिले तेव्हा समाधान झाले. बेसवरच्या 'पेज' बटणाला आम्ही 'हाक' म्हणतो. फोन डाळीच्या डब्यामागे राहिला असेल तर हाक दाबावी, तो जिथे असेल तिथून ओ देतो. मोबाईलला हे शिकवायला दुसरा मोबाईल लागतो! 'रजिस्टर' करणे याला मात्र मला शब्द सुचत नव्हता. सासूबाईंनीच "म्हणजे माप ओलांडून घेणं" असे म्हटले आणि तोच ठेवला. नवा संच बेसला जोडायचा तर बेसवरचे बटण दाबून धरायचे, संचावर चार आकडे द्यायचे (आमच्याकडे चार शून्ये), की तो घरातला झाला. अशी सहा मापे एका बेसवर बहुधा ओलांडता येतात.

नंबर साठवताना एक खाच आहे. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाईल लावायचा तर आधी शून्य लावावे लागते. जुन्या वहीतले नंबर जसेच्या तसे भरले, तर आपत्काळी एक बाई शांत आवाजात शून्य लावायला सांगत राहील. आणखी एक, आलेल्या फोनच्या यादीत मोबाईलचा नंबर आमच्या संचावर शून्याविना उमटतो. तिथूनच उलट फोन केला तर लागत नाही. म्हणून १ बटण दाबून धरले की मुलगा, २ दाबून धरले की मी, ३ वर खालच्या आळीतले डॉक्टर, असे शून्यासकट भरून ठेवले. १०८ आणि ११२ हे आकडे मोठ्या अक्षरांत फळीखाली चिकटवले.

आता विजेचे. ज्यांच्याकडे तांब्याची तार होती त्यांना आठवत असेल की, वीज गेली तरी जुना काळा फोन चालूच असे. त्याला घरची वीज लागतच नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट तारेतूनच येत. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या दिवसांत गाव अंधारात असे आणि फोन मात्र जागा. बिनदोरीचा बेस भिंतीतल्या विजेवर जगतो, ती गेली की हातातल्या फोनची बॅटरी पूर्ण भरलेली असूनही तो मुका. पुष्कळ जण यावर 'एक दोरीचा फोन जोडून ठेवा' असे सांगतात. तांब्याची तार असेल तर सल्ला उत्तम आहे. पण आमच्याकडे आता काचेची तार, म्हणजे फायबर, आली आहे. तिची डबीही विजेवरच चालते आणि फोन त्या डबीत खोचलेला. तेव्हा दोरीचा असो वा बिनदोरीचा, वीज गेली की दोन्ही गप्प. हे विक्रेता सांगत नाही आणि डबी बसवून जाणारा तर नाहीच नाही. ज्या घरात म्हातारे माणूस दिवसभर एकटे असते, तिथे ही बारीकसारीक गोष्ट नव्हे. वादळात वीज जाते, आणि माणसे अंधारातच पडतात.

संगणकाला लावतात तसला एक यूपीएस घेतला. त्यावर फायबरची डबी आणि फोनचा बेस, एवढेच. टीव्हीवाल्यांनी तिथे डोळा ठेवू नये! एका रविवारी मुख्य स्विच पाडून आम्ही मुद्दाम अंधारात बसलो आणि दर पंधरा मिनिटांनी फोन लावून पाहिला. पावणेदोन तास चालला. तेवढ्यात शेजारी येऊन विचारून गेले, तुमचीच कशी गेली म्हणून.

फोनमुळे आमच्या घरात जे झाले ते मात्र पुस्तिकेत नव्हते. सासूबाईंना या घरात येऊन साठ वर्षे झाली. फोन सोप्यात, आणि सोप्यात कायम कोणी ना कोणी बसलेले: आधी त्यांचे सासरे, मग मामंजी, मग पेपर वाचणारा मुलगा. त्यामुळे त्यांचे फोनवरचे बोलणे असे: "हो. बरं आहे. पाऊस आहे. ठेवू?" मला वाटायचे, बाईंना फोनवर बोलण्याची आवडच नाही. आता दुपारी चारला मिरजेहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन येतो. त्या तो घेऊन परसात जातात आणि धुण्याच्या दगडावर बसतात, टूं-टूंच्या बरोबर एक पाऊल अलीकडे. चाळीस-चाळीस मिनिटे बोलतात. परवा त्या मोठ्याने हसल्या. इतक्या वर्षांत तसे हसणे मी ऐकले नव्हते. ह्यांनी विचारले, "आई एवढं काय बोलत असते गं?" मी मागचे दार लोटून घेतले.

मावशींच्या घरी अजून जिन्याखाली दोरीचाच फोन आहे, आणि त्यांचे गुडघे आमच्या सासूबाईंच्याहून वाईट. फराळाच्या डब्याबरोबर यंदा एक संच मिरजेला जायचा आहे. घर दुमजली असल्यामुळे बेस जिन्याच्या मधल्या वळणावर लावावा लागेल, आणि पुस्तिकेची दुसरी प्रत जरा मोठ्या अक्षरांत काढावी लागेल.