काडतुसांची काटकसर

आम्ही हौसेखातर नेमबाजी करतों, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पॉइंट टू-टू रायफलीचीं स्पर्धेच्या प्रतीचीं काडतुसें बहुधा इंग्लंड-जर्मनींतून येतात. २०२० सालीं अमेरिकेंत काडतुसांच्या खरेदीची झुंबड उडाली. तेव्हांपासून चढलेला भाव उतरल्याचें आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. त्यांतून ह्या काडतुसाचा पेटता मसाला तळाच्या कांठांत भरलेला. कांठ एकदां ठोकला गेला कीं टरफल निकामी. मोठ्या काडतुसाप्रमाणें तें पुन्हां भरतां येत नाहीं. शिवाय एका घाण्याचा माल एका नळीस मानवतो, दुसऱ्याचा मानवत नाहीं. म्हणून मानवलेला घाणा सांपडला, कीं परवान्याच्या मर्यादेंत नेमबाज तो घेऊन ठेवतो. दादा ह्यास साठेबाजी म्हणतात. दर उन्हाळ्यांत वर्षाचे तांदूळ भरणाऱ्या वहिनींस काय म्हणावें, असें आम्हीं विचारलें. उत्तर मिळालें नाहीं.

खरी अडचण आमच्या पुतणीची. स्वप्नील कुसळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविलें, तोच तिचा प्रकार : गुडघ्यावर, पालथें पडून व उभ्यानें, वीस-वीस मिळून साठ गोळ्या. पण त्या साठांमागें सरावाच्या किती! यंदा माईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीं, मग काडतुसें, असें दादांनीं ठरविलें, आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें. पोर मात्र जेवतांना बोलेनाशी झाली. आमच्याजवळचीं काडतुसें तिला द्यावीं असें मनांत आलें; पण शेजारीं साखर उसनी देतां येते, काडतूस नाहीं. ज्याच्या परवान्यावर घेतलें, त्यानेंच तें झाडावयाचें. शेवटीं आमची यंदाची खरेदी रद्द करून तो पैसा तिच्या नांवें लावला. त्यांत पन्नासाच्या थोड्याच डब्या येतात. त्या स्पर्धेपूर्वीच्या आठवड्यांसाठीं राखल्या आहेत.

एरवीं कोरडा सराव. रायफल रिकामी असल्याचें दोनदां पाहावें, काडतुसें दुसऱ्या खोलींत कुलपांत ठेवावीं. पुष्कळ पॉइंट टू-टू रायफलींचा टोंचा रिकाम्या नळीच्या कांठावर आदळून तो दुखावतो; तेथें वापरलेलें टरफल घालावें. भिंतीवर काळा ठिपका, आणि श्वास आंवरून घोडा दाबावयाचा. हात कोठें डळमळला तें अशा वेळीं लपत नाहीं, कारण धक्का नसतो. जोडीला आमची जुनी हवेची रायफल आहे. तिचे साडेचार मिलिमीटरचे छर्रे अजून खिशाला झेपतात, आणि तिच्या निशाणावरील दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा!

माईंची खोली भिंतीपलीकडेच. डोळ्यावर अजून पट्टी, म्हणून त्या पडल्या पडल्या घोड्याचे आवाज मोजतात. काल पोर चाळिसांवर थांबली, तेव्हां आंतून प्रश्न आला, "कां गं, आज वीस कमी कां?"