लायकाची खिडकी

लायकाचा ‘एम८’ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर २००६ साली आला, तेव्हा फिल्मवाल्यांनी नाके मुरडली. काळे कृत्रिम कापड त्यात जांभळट दिसे. शेवटी कंपनीला भिंगावर लावायचे फिल्टर द्यावे लागले. एवढ्या किमतीत हे!

तरी लोक भुललेच. मला वाटते, मोहिनी आहे ती त्या खिडकीची. यात आपण भिंगातून नव्हे, शेजारच्या खिडकीतून बघतो. पांढऱ्या रेघांच्या चौकटीबाहेरचेही दिसते, त्यामुळे चित्रात कोण शिरणार ते आधीच कळते. फिल्म गेली तरी ही खिडकी राहिली. १९५४च्या ‘एम३’ची बहुतेक भिंगेही नव्या बॉडीला बसतात.

माझे भांडण आहे ते ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकेल’ या बोलण्याशी. भिंग टिकेल हो! एम३ला तर बॅटरीही लागत नाही. पण डिजिटल बॉडीचा सेन्सर बिघडला आणि सुटा भाग मिळेनासा झाला, की ती फक्त कपाटात शोभायची.

आमचे नातू पैसे साठवताहेत. त्यांना म्हटले, आधी एक चांगले भिंग घे बाबा, बॉडीचे पुढे बघू. अजून उत्तर आलेले नाही.