चौदाव्या दिवसाचा धर्म

खेड्यांत घरचा कर्ता पुरुष गेला म्हणजे तेरा दिवस सारा गांव त्या घरीं असतो. शेजारून भाकरी येते, भजनी मंडळी रात्रीं येऊन अभंग म्हणतात, कोणी बुवा देहाच्या नश्वरतेवर प्रवचन करतात. चौदाव्या दिवशीं दीर वांटणीची गोष्ट काढतो, सोसायटीच्या थकबाकीची चौकशी होते, दुकानदार उधारीची वही उघडतो. आणि त्या बाईस कळून येतें कीं, गांव जमला होता तो मृताकरितां, मागें राहिलेल्यांकरितां नव्हे. या चौदाव्या दिवसाविषयीं आज दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीनें ता. ४ मे २०२२ रोजीं विधवांचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें व मंगळसूत्र तोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला. पंधरवडाही लोटला नाहीं तोंच, ता. १७ मे रोजीं, राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींस तोच कित्ता गिरविण्याविषयीं परिपत्रक काढलें. ज्या शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांत १९१७ सालींच पुनर्विवाहाचा कायदा केला, त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षीं हें घडलें, हें उचितच झालें. त्या गांवाचें अभिनंदन करावें तेवढें थोडें आहे. परंतु कपाळावरचें कुंकूं राखलें म्हणजे घरांतली चूल राखली असें होत नाहीं. मानाचा प्रश्न गांवानें हातीं घेतला. आतां अन्नाचा व हक्काचा प्रश्नही त्यानें हातीं घेतला पाहिजे.

यासाठीं नवी संस्था काढण्याची गरज आहे काय? आमच्या मतें नाहीं. आमच्या बहुतेक खेड्यांत दरवर्षीं हरिनाम सप्ताह होतो. घरोघर धान्य व वर्गणी गोळा होते, मंडप पडतो, कीर्तनकारांस बिदागी दिली जाते, काल्याच्या दिवशीं पंगती उठतात. हिशेब ठेवणारे विश्वासू लोक, घरोघर जाणारे तरुण आणि देण्याची संवय, या तिन्ही गोष्टी तेथें तयार आहेत. शहरांतील सभांना ज्या गोष्टी दहा वर्षें खपूनही साधत नाहींत, त्या गांवच्या विठ्ठलमंदिरांत आयत्या मिळतात.

आणि संप्रदायाचा इतिहास काय सांगतो? देहू-पंढरपूर पालखीचा सोहळा १६८५ सालीं सुरू केला तो नारायणमहाराजांनीं. तुकोबांच्या निर्याणानंतर जन्मास आलेले हे त्यांचे कनिष्ठ चिरंजीव, म्हणजे एका विधवेनें वाढविलेलें मूल. ज्ञानदेवादि चार भावंडें तर मातापितरांविना उघडीं पडलीं व गांवानें त्यांस दूर लोटलें. ज्यांच्या पादुका आपण खांद्यावर घेतों, त्यांच्या घरची ही हकीकत आहे. वारीला जाणाऱ्या गांवांत विधवेच्या मुलाची शाळा फीअभावीं सुटावी, यासारखी विसंगति दुसरी कोणती?

तर मग करावें काय? आम्ही तीनच गोष्टी सुचवितों. पहिली ही कीं, सप्ताहाच्या वर्गणींतून शंभरांपैकीं दहा रुपये वेगळे काढून त्यांतून गांवांतील निराधार विधवांस पेरणीचें बियाणें व मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च द्यावा, आणि तसें पावतीवरच छापावें, म्हणजे देणाऱ्याची फसवणूक होणार नाहीं. दुसरी, मंडळींपैकीं दोघांनीं त्या बाईबरोबर तलाठ्याकडे जावें. हिंदु वारसा कायदा १९५६ प्रमाणें पति मृत्युपत्र न करितां वारल्यास विधवा, मुलगे, मुली व पतीची आई यांस सारखा हिस्सा मिळतो, व विधवेस मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा असतो. जमिनीचा वारसा आल्याची खबर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास द्यावी असें जमीन महसूल कायदा सांगतो. पण शोकाच्या भरांत तिच्यापुढें हक्कसोडपत्र येतें व ती अंगठा देऊन मोकळी होते. त्या वेळीं शेजारीं उभा असलेला एक जाणता माणूस शंभर प्रवचनांहून मोलाचा होय. तिसरी, दीपप्रज्वलन व आरती यांचा मान तिलाही द्यावा.

कोणी म्हणतील, हें सरकारचें काम आहे. सरकार कांहींच करीत नाहीं असें नव्हे. संजय गांधी निराधार योजनेचें अनुदान २०२३ सालीं दरमहा १००० वरून १५०० रुपये झालें. पण दाखले जमविणें व कचेरीच्या खेपा घालणें हें एकट्या बाईस जड जातें. तेथेंच गांवाचा हात हवा. दुसरे म्हणतील, देवाचा पैसा दुसरीकडे वळवूं नये. त्यांस उत्तर असें कीं, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें गरिबी व संकट यांचें निवारण हा धर्मादाय हेतु मानिलेला आहे. एखाद्या मंदिराच्या घटनेंत तो नसल्यास रीतसर दुरुस्ती करून घेण्याची वाट आहे. गरिबांस जकात देण्याचा इस्लामचा दंडक तर सर्वश्रुतच आहे. मशिदीच्या व चर्चच्या मंडळींसही आमची हीच विनंति आहे.

एक भय मात्र खरें आहे. दान देणारा हात उद्यां धाक दाखवूं लागेल. बाई कोठें जाते, कोणाशीं बोलते, पुनर्विवाह करते कीं काय, याची पंच चौकशी करूं लागतील. म्हणून मदतीस वर्तनाची अट नसावी, व वांटपाच्या समितींत निम्म्या तरी स्त्रिया, त्यांतही विधवा, असाव्यात. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं शारदासदन काढलें. पुढें धर्मांतराच्या शंकेनें पुण्यांत गहजब झाला. त्या गहजबानें एकाही विधवेस आसरा मिळाला नाहीं. तो मिळाला तो अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं दारोदार वर्गणी मागून अनाथ बालिकाश्रम काढिला तेव्हां. धर्माची काळजी वाहणें आणि धर्म आचरणें यांतील अंतर या दोन गोष्टींवरून वाचकांनींच मोजावें.

आमच्या वाचकांत पेठेंतले व्यापारी पुष्कळ आहेत. गांवोगांवचे सप्ताहवाले साखरेचीं पोतीं व तेलाचे डबे मागावयास त्यांच्याच दुकानीं येतात. त्यांनीं नाहीं म्हणूं नये. द्यावें, पण देतांना एवढेंच विचारावें कीं, तुमच्या गांवांत यंदा ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरासाठीं तुम्हीं काय काढून ठेविलें आहे? हा प्रश्न दहा दुकानांत विचारला गेला, तर अकराव्या दुकानीं मंडळी उत्तर घेऊनच येतील.