एका तासाची गुणवत्ता

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथील मराठी घरातील मुलाने वा मुलीने संगणक अभियंता होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कलबुर्गीत पी. डी. ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ पासून आहे. बिदर व भालकी येथेही अशी महाविद्यालये आहेत. पदवी घराजवळ मिळते, नोकरी मात्र बेंगळुरू, हैदराबाद वा पुण्यात शोधावी लागते. त्यातही स्टार्टअप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नवउद्योगांची मुलाखत हा मोठाच अडसर ठरतो. ही कसोटी न्याय्य आहे काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यांचे मागासलेपण मान्य करूनच ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१-जे आले आणि या विभागाला शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. परंतु खासगी कंपनीच्या दारात हे कलम थांबते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी राखीव जागा ठेवणारे विधेयक मंजूर केले; उद्योजकांनी ओरड करताच ते स्थगित झाले. त्यात स्थानिकाला कन्नडचे ज्ञान असण्याची अट होती. म्हणजे सीमाभागातील मराठी तरुणाला एक दार उघडताना दुसरी परीक्षा पुढे ठेवलीच होती.

मुलाखतीचा प्रकार सर्वपरिचित आहे. समोर एक कूटप्रश्न, हाती पाऊणएक तास, आणि प्रोग्रॅम लिहिता लिहिता आपला विचार अस्खलित इंग्रजीत बोलून दाखवायचा. महानगरातील मुलाने अशा प्रश्नांची तालीम आधीच केलेली असते. त्याच्या ओळखीत या धंद्यातील चार माणसे असतात. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, घरी मराठी व बाजारात कन्नड बोलणारा तरुण इंग्रजी उत्तम वाचतो, परंतु बोलताना अडखळतो. ते अडखळणे अज्ञान म्हणून नोंदले जाते.

वस्तुतः नवउद्योगातील काम निराळेच असते. दुसऱ्याने अर्धवट सोडलेला प्रोग्रॅम समजून घेणे, मध्यरात्री बंद पडलेल्या सेवेतील दोष शोधणे, ग्राहकाची अस्पष्ट मागणी नेमकी करून घेणे, यांत चिकाटी लागते. लहान कंपनीला नवख्या माणसाला शिकवत बसण्यास सवड नसते, हा आक्षेप खोटा नाही. मग कामाचीच परीक्षा घ्यावी. एक छोटे खरे काम द्यावे, त्याचा मोबदला द्यावा, सर्वांना तेच प्रश्न विचारावेत आणि केलेल्या कामाचे स्पष्टीकरण लेखी मागावे. वक्तृत्वाची परीक्षा घेऊन अभियंता निवडणे म्हणजे आवाज ऐकून सुतार ठरविण्यासारखे आहे.

तरुणांनाही आमचे सांगणे आहे. मुलाखत दुतर्फा असते. पगाराच्या बदल्यात कंपनीचे समभाग देऊ केले, तर ते केव्हा व कसे विकता येतील, हे विचारावे. कंपनीच्या गाठीला किती महिन्यांचा पैसा आहे, हेही विचारण्यास संकोचू नये. २०२२ मध्ये ज्या बायजूजचे मूल्य बावीस अब्ज डॉलर मानले गेले, ती कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. तत्पूर्वीच तिने हजारो नोकरदारांना घरी पाठविले होते. कागदावरील श्रीमंतीने घरभाडे भागत नाही.

हा प्रश्न केवळ बिदर-कलबुर्गीचा नव्हे. आमच्या फर्मागुडीच्या महाविद्यालयातून वा सिंधुदुर्गातून बेंगळुरूला जाणारी मुले याच दारात उभी राहतात. सीमाभागातील महाविद्यालयांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना बोलावून अखेरच्या दोन वर्षांत मुलाखतीचा सराव करून घ्यावा; कंपन्यांनी वर्षातून एकदा तरी कलबुर्गी गाठावी. २०१७ पासून बिदर व कलबुर्गी थेट रेल्वेने जोडली गेली आहेत. निवड करणाऱ्यांनी त्या गाडीत बसण्याची तसदी घ्यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.