ड्रायर घेण्याआधी दहा किलो चिकूचा हिशोब करा

फळं सुकवून विकण्याच्या धंद्याबद्दल आजकाल खूप विचारणा होते, आणि दहापैकी आठ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मॅडम, डिहायड्रेटर मशीन कोणतं घेऊ? सहा ट्रेचं की चोवीस ट्रेचं?" काही जणी तर दागिने गहाण टाकायच्या तयारीत असतात. माझं मत स्पष्ट सांगते, पटलं तर बघा. मशीन हा या धंद्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात शेवटचा निर्णय आहे. आधी पाण्याचा हिशोब करा, मग गिऱ्हाईक शोधा, मशीन त्यानंतर.

पाण्याचा हिशोब म्हणजे काय? तुम्ही बाजारातून फळ विकत घेता तेव्हा खरं तर पाणी विकत घेता. चिकूच्या गरात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. अननसात 86 टक्क्यांच्या आसपास, स्ट्रॉबेरीत 90 च्या वर. हे पाणी तुम्ही विजेचे पैसे देऊन हवेत सोडता आणि जे उरतं ते विकता. त्यामुळे 10 किलो चिकूची साल-बी काढली, आठेक किलो फोडी निघाल्या, की सुकून हातात येतात जेमतेम 2 किलो, फार तर थोडं वर. 10 किलो केळ्यांची सालंच साडेतीन किलो जातात, शेवटी दोन किलोच्या आतच माल. 10 किलो स्ट्रॉबेरीचा एक किलो. अख्ख्या अननसाचं तर विचारूच नका, साल, डोळे, मधला दांडा काढून 10 किलोचा किलोभरसुद्धा होत नाही.

आता चिकूचंच पुढे नेऊ. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. चिकू 40 रुपये किलो, म्हणजे 10 किलोचे 400. दोन किलो माल निघाला, तर किलोला 200 रुपये नुसत्या फळाचे. घरगुती लहान मशीन 500 वॉटचं धरा. त्यात एका वेळी अडीच-तीन किलो फोडी मावतात, 12 तास लागतात, म्हणजे एका घाण्याला 6 युनिट. आठ किलो फोडींना तीन घाणे, 18 युनिट, 10 रुपये दराने 180. किलोला 90. सोलणं-चिरणं-मांडणं याची मजुरी 300 धरा, किलोला 150. (मजुरी स्वतःची असली तरी धरायची. "मी घरीच असते ना" हे वाक्य हिशोबाच्या वहीत चालत नाही.) 50 ग्रॅमचं पाऊच, लेबलसकट 6 रुपये, किलोला 20 पाऊच, म्हणजे 120. एकूण 560 रुपये किलो. एक पाऊच 28 रुपयांना पडलं.

एमआरपी 60 ठेवली. माझ्यासारखी दुकानदार 25 टक्के मार्जिन मागणार, तुमच्या हातात 45. एका पाऊचला 17 रुपये सुटले. दहा किलो चिकूचे 40 पाऊच, 680 रुपये, आणि त्यासाठी मशीन 36 तास चाललं. रोज एक घाणा काढला तर दिवसाला सव्वादोनशेच्या आसपास, महिन्याचे 25 दिवस धरले तर साडेपाच हजारांच्या पुढेमागे. यातून अजून वाहतूक, चवीला वाटलेला माल, परत आलेली पाकिटं वजा व्हायची आहेत. मशीन विकणारे "घरबसल्या महिना पन्नास हजार" म्हणतात, त्यांना फक्त एवढं विचारा की त्यात दुकानदाराचं मार्जिन धरलंय का.

मग धंदा करूच नये का? करावा, मी तर म्हणते जरूर करावा. पण तेच पाऊच तुम्ही थेट गिऱ्हाइकाला 60 ला विकलं तर 17 च्या जागी 32 सुटतात. म्हणजे पहिलं वर्ष दुकानांच्या मागे लागू नका. सोसायटीचे ग्रुप, शाळेतल्या आया, जिमवाले, ट्रेकिंगचे ग्रुप, बचत गटांची प्रदर्शनं. लहान मशीनवर तीन महिने विका. ऑर्डर आहे आणि मशीन पुरत नाही, अशी तारांबळ महिनाभर रोज उडाली, तेव्हा मोठ्या मशीनचं कोटेशन मागवा.

एसफोरएस टेक्नॉलॉजीजचं काम बघा. 2023 मध्ये त्यांना अर्थशॉट पुरस्कार मिळाला. शेतकरी महिलांना सोलर ड्रायर, त्यावर सुकवलेला माल त्यांच्याकडून घ्यायचा आणि तो मोठ्या खाद्य कंपन्यांना पुरवायचा, अशी ती साखळी. बातमीत सगळ्यांना ड्रायर दिसतो. मला त्यातला खरेदीदार दिसतो. सुकवणाऱ्या बाईला माल कुठे जाणार हे ट्रे भरण्याआधीच माहीत असतं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथेच नवीन माणूस गळपटतो. तुम्ही बाजारात जाता, तिथे सुकी किवी, सुकं अननस, लालभडक पपई किलोवर विकायला असते आणि तुमच्या पडत्या भावापेक्षाही स्वस्त असते. त्यांना परवडतं कसं? त्यातला बराच माल आधी साखरेच्या घट्ट पाकात बुडवलेला असतो. पाकात फळातलं पाणी बाहेर येतं आणि साखर आत शिरते. फळ महाग, साखर स्वस्त, आणि वजन मात्र साखरेचंही भरतं. ही पद्धत काही चुकीची नाही, आपला आवळ्याचा मोरावळा आणि आवळा कँडी त्याच कुळातले. पण तुमच्या बिनसाखरेच्या चिकूची त्या मालाशी किलोच्या भावात तुलना होऊ द्यायची नाही. म्हणून पाऊचवर पुढच्याच बाजूला मोठ्या अक्षरात "फक्त चिकू, साखर घातलेली नाही" लिहा. मागे बारीक अक्षरात लिहिलं तर कोणी वाचत नाही, मी काउंटरवर रोज बघते. आणि हो, "ड्रायफ्रूट" असं लिहू नका. आपल्याकडे ड्रायफ्रूट म्हणजे काजू-बदाम-मनुका. गिऱ्हाईक पाकीट उलटंपालटं करून "यात काजू कुठायत?" विचारतं.

रंगाचंही तसंच. सोनेरी जर्दाळू किंवा फिकट पिवळा बेदाणा दिसतो, तो बहुतेक वेळा गंधकाची प्रक्रिया केलेला असतो. तुमचं केळं तपकिरी पडणारच. लिंबाच्या पाण्यातून काढलं तर कमी पडतं, पण पडतं. गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नंतर सांगितलं तर ते कारण वाटतं.

फळ कोणतं निवडायचं? माझं मत: एकच. सुरुवातीला सात फळांचा रंगीत डबा करायला जाऊ नका, फोटोला छान दिसतो, पण प्रत्येक फळाचा वेळ वेगळा, टिकण्याचे दिवस वेगळे, खरेदी वेगळी. तुमच्या तासाभराच्या अंतरात जे पिकतं ते घ्या. डहाणू-घोलवडला चिकू, पुरंदरला अंजीर, जळगावला केळी. चांगली पिकलेली पण आकाराने लहान किंवा डाग पडलेली फळं बाजारात भाव खात नाहीत, ती शेतकऱ्याकडून थेट उचला. हिशोबातला 40 रुपयांचा चिकू 25 ला मिळाला तर किलोमागे 75 रुपये वाचले, तेवढे कोणतंही महागडं मशीन वाचवून देत नाही. फक्त डागाळलेलं आणि सडकं यातला फरक सोडायचा नाही. सडका भाग कापून उरलेलं सुकवू, हा विचार मनातही नको.

कृतीबद्दल थोडंच लिहिते. फोडी पाच-सहा मिलिमीटरच्या आणि सगळ्या सारख्या. तापमान 55 ते 60 अंश. घाई म्हणून 75 वर टाकलं तर वरून कडक कवच तयार होतं आणि आत ओल राहते, ती पंधरा दिवसांनी बुरशी होऊन दिसते. पंखा मागे असलेलं मशीन बरं. खाली पंखा असेल तर ट्रे वरखाली करावे लागतात.

आणि घाणा उतरल्यावर लगेच पॅक करू नका. गार झालेला माल काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, आठवडाभर रोज हलवा. बरणीच्या आत दव दिसलं की माल परत मशीनमध्ये. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर हे दुप्पट कडक पाळा, कारण सुकलेलं फळ हवेतलं पाणी परत ओढून घेतं. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आत शिरणारी ओल थोपत नाही, आतून चंदेरी थर असलेलं जाड पाऊच घ्या. माझ्याकडे परत आलेल्या घरगुती मालात "चव आवडली नाही" ही तक्रार क्वचित, "मऊ पडलंय" हीच जास्त.

घरून विकलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, चौदा आकडी नंबर पाऊचवर छापायचा. बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, वजन, हिरवा ठिपका हेही. केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत मशीनसाठी 35 टक्के अनुदान ठेवलेलं होतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. हप्ता सुरू होतो, माल विकला जावो न जावो.

तेव्हा या रविवारी 10 किलो फळ आणा. मशीन ओळखीच्या कुणाकडून एका घाण्यासाठी मागून घ्या, मिळालं तर भाडं द्या. सालीसकट वजन, फोडींचं वजन, सुकल्यावरचं वजन आणि मीटरचं आधीचं-नंतरचं रीडिंग वहीत लिहा. मग 20 पाऊच भरून ओळखीच्या नसलेल्या वीस जणांना विका, फुकट वाटू नका. महिन्याभराने त्यातले किती जण स्वतःहून परत मागतात ते मोजा, आणि तो आकडा घेऊन मला मशीनचं विचारा.