मासे कापायचे तिने, सुरी आणायची कुणी?

घरात टीव्ही घ्यायचा असला की चार दुकानं पालथी घातली जातात. मोटरसायकल घ्यायची तर शेजारच्या भाऊजींपासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांचा सल्ला होतो. सुरी मात्र जत्रेतून येते, नाहीतर आठवडे बाजारात गोणपाटावर मांडलेल्या ढिगातून. कधी तर चहाच्या पुड्याबरोबर फुकटच येते. घरातली बाई जी वस्तू दिवसातून दहा वेळा हातात धरते, तिची निवड अशी येताजाता होते. आणि वर तिनंच ऐकून घ्यायचं, "दोन मासे कापायला किती वेळ लावतेस!"

मैत्रिणींनो, आज बोलायचंय ते मासे साफ करायच्या सुरीबद्दल. विषय बारीक वाटेल, पण मासे खाणाऱ्या घरातल्या पन्नाशीच्या बाईचा डावा हात एकदा नीट पाहा. अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा दिसतील. भाजी बोथट सुरीनंही कशीबशी चिरता येते. मासा तसा ऐकत नाही. तो निसरडा, आपले हात ओले, परांना काटे, आणि सुरी बोथट असली की आपण जोर लावतो. जोर लावला की सुरी सटकते. धारदार सुरीनं हात कापतो अशी आपली समजूत असते, पण पुष्कळदा कापतो तो बोथट सुरीनं.

पूर्वी हा प्रश्न इतका नव्हता, कारण विळी होती. मालवणीत तिला आडाळो म्हणतात, गोव्यात आदोळी. पातं जागेवर पक्कं, पाट पायाखाली दाबलेला आणि मासा दोन्ही हातांत. खवले काढणं, पर छाटणं, पोट फाडून घाण काढणं, गाबोळी अलगद बाजूला ठेवणं, सगळं एकाच बैठकीत. बोंबील उभा चिरून उघडायचा तर विळीसारखं दुसरं साधन नाही. पण ओटे आले, गुडघे कुरकुरायला लागले आणि बऱ्याच घरांत विळी माळ्यावर गेली. ओट्यावर उभं राहून काम करायचं म्हणजे मासा एका हातात आणि पातं दुसऱ्या हातात. साधन बदललं, पद्धत बदलली, पण नवं साधन कसं निवडायचं हे कुणी सांगितलं नाही. आईनं विळी शिकवली होती, सुरी नव्हे.

त्यात आता फिले आले. फिले म्हणजे काट्याविना काढलेली मांसाची सलग पट्टी. नातवंडांना काटा नको, सासऱ्यांना दिसत नाही, म्हणून हल्ली छोट्या गावातसुद्धा पापलेट, रावस, चिलापीचे फिले मागितले जातात. (पापलेटला महाराष्ट्रानं २०२३ साली राज्यमाशाचा मान दिला. मान मिळाला तरी भाव काही उतरला नाही!) उजनीसारख्या धरणांमुळे देशावरही चिलापी घरोघरी पोहोचली आणि तिचे फिले छान निघतात. रोहू, कटल्याचं तसं नाही. त्यांच्या मांसातच बारीक दुतोंडी काटे विखुरलेले असतात, कणा काढला तरी ते राहतात. म्हणून त्यांचे आडवे तुकडेच बरे.

फिले काढायची रीत अवघड नाही. कल्ल्यामागे तिरका छेद द्यायचा, पातं कण्याला टेकलं की आडवं वळवायचं आणि कण्यावरून घासत शेपटीपर्यंत न्यायचं. साल काढायची तर शेपटीकडचं टोक मिठाच्या चिमटीत धरायचं, म्हणजे सटकत नाही, आणि पातं सालीवर जवळजवळ झोपवून पुढे सरकवायचं. या कामाला भाजीची जाड सुरी चालत नाही. पातं अरुंद, पातळ आणि लवचिक हवं. सहा इंची पातं बांगडा, पापलेट, चिलापीला पुरतं. मोठा रावस, सुरमई नेहमी येत असेल तर आठ इंची घ्यावी. मात्र या सुरीनं सुरमईचा कणा तोडायला जाऊ नका, डोकं तर नाहीच. तिथे कोयताच हवा. लवचिक सुरीनं हाड तोडलं की धारेला दाते पडतात, आणि मग दोष सुरीला दिला जातो.

आता दुकानात काय पाहायचं ते. भांड्यांच्या दुकानात आपण चुंबक लावून पाहतो. चुंबक चिकटला की म्हणतो, हे स्टील हलकं. डब्या-पातेल्यांना हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो, सुरीला मात्र उलटा. ज्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, ते तापवून आणि विझवून कडक करता येत नाही, त्यामुळे त्याची धार टिकत नाही. चांगल्या सुरीच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटतोच. चिकटला म्हणजे सुरी उत्तमच असं नव्हे, पण चिकटला नाही तर ती सुरी खाली ठेवा. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे फसवे माल गळून जातील.

स्टेनलेस घ्यावी की साधी पोलादी, यावर दोन पक्ष आहेत. साधं पोलाद लवकर धारदार होतं आणि दगडावर चार हात फिरवले की पुन्हा लागतं. पण ते कोकम-चिंचेनं काळं पडतं आणि खाऱ्या माशाच्या ओलीनं रात्रीत गंजतं. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, कारण त्यात शेकडा साडेदहा भाग किंवा जास्त क्रोमियम असतं. इंग्लंडातल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली असं पोलाद तयार केलं, आणि पुढे तिथल्या सुऱ्या-काट्यांच्या धंद्यानं ते उचललं. तरीही 'स्टेनलेस' म्हणजे कधीच न गंजणारं नव्हे. मीठ लागून तशीच ओली पडली तर त्या पात्यावरही टिपके पडतात. माझं मत विचाराल तर फिलेची पातळ सुरी स्टेनलेस घ्यावी, आणि कोयता मात्र लोहाराकडून करून घ्यावा. आपल्याकडचे लोहार आणि गावोगाव फिरणारे घिसाडी गाडीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून कोयते, विळ्या घडवतात. ते पोलाद मुळात भार सोसायला केलेलं, त्यामुळे हाडावर घाव घातला तरी कच खात नाही. दुकानातला चकचकीत कोयता त्याच्यापुढे खेळण्यातला वाटतो.

पात्याइतकीच मूठ महत्त्वाची, आणि तीच आपण पाहत नाही. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असेल किंवा निदान खोलवर घट्ट बसलेलं असेल, तर सुरी वर्षानुवर्षं टिकते. दोन इंच आत घालून डिंकानं चिकटवलेलं पातं एके दिवशी मुठीतून निघतं, आणि ते निघतं तेव्हा आपला हात जोरात असतो. गुळगुळीत, नक्षीदार मूठ टाळा. माशाच्या बुळबुळीत हातात ती राहत नाही. लाकडी मूठ दिसायला छान, पण सतत ओली राहून फुगते आणि फटीत वास धरते. खरखरीत प्लास्टिकची, पुढच्या बाजूला बोट अडेल असा उंचवटा असलेली मूठ मासळीला सगळ्यात बरी. दुकानदाराला सांगून हात ओला करून धरून पाहा. तो हसेल, हसू दे. मग पात्याचं टोक लाकडी फळीवर हलकेच दाबा. ते वाकून सोडल्यावर सरळ झालं पाहिजे, वाकडंच राहिलं तर नको. आणि हो, सुरी पुरुषाच्या पंजाच्या मापाची असते पुष्कळदा. आपल्या हाताला जड वाटली तर दुसरी मागा. ज्याला कापायचं नाही त्यानं आणलेल्या सुरीत हाच मोठा दोष असतो.

किंमत? साठ-सत्तर रुपयांच्या तीन सुऱ्या तीन वर्षांत टाकून द्यायच्या की चार-पाचशे रुपयांची एक दहा वर्षं वापरायची, हा हिशेब बाईला शिकवायला नको. पण तो हिशेब घरात मांडायला ती कचरते. आमच्या भागातल्या एका बचत गटात मासे कापून विकणाऱ्या ताईंनी कोयता, चांगली सुरी आणि ठोकळा यांसाठी कर्ज मागितलं, तेव्हा बैठकीत खसखस पिकली. सुरीसाठी कुणी कर्ज काढतं का! त्याच बैठकीत एकीच्या मुलाच्या मोबाईलचं कर्ज दोन मिनिटांत मंजूर झालं. मी काही बोलायच्या आत त्या ताईच म्हणाल्या, "माझा नवरा जाळं घेतो तेव्हा त्याला धंदा म्हणता, मग माझा कोयता काय स्वयंपाकघर आहे होय?" त्यांना त्या दिवशी कर्ज मिळालं. पण त्यांचा प्रश्न त्या बैठकीपुरता नव्हता.

पाहा ना, केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना २०२३च्या सप्टेंबरात सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय धरले आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली. त्यात लोहार आहे, होडी बांधणारा आहे, मासेमारीचं जाळं विणणारा आहे. मासळी कापून देणारी बाई नाही. २०२० साली आलेल्या मत्स्यसंपदा योजनेत बर्फाची पेटी बसवलेल्या दुचाकीला अनुदान ठेवलं होतं, आणि बायकांना ते जास्त होतं. ही चांगली गोष्ट. पण बाजारात बसलेल्या किती मावश्या दुचाकी चालवतात? त्यांना हवा असतो कंबरेइतका उंच ओटा, वाहतं पाणी, चिंचेच्या लाकडाचा ठोकळा आणि दोन चांगली पाती. नगरपालिका मासळी बाजाराची नवी इमारत बांधतात, दर्शनी कमान करतात, आणि कापणाऱ्या बाईला जमिनीवर उकिडवं बसवतात. दिवसभर वाकून दुसऱ्यांच्या घरचे मासे साफ करणाऱ्या या बायका कारागीर आहेत. पापलेटचा फिले कण्यावर मांसाचा कण न ठेवता काढणं ही कला आहे. अवजारांच्या मदतीच्या यादीत त्यांचं काम लिहिलं गेलं पाहिजे, आणि ते लिहून घ्यायला आपल्या गटांनी, महिला मंडळांनी ठराव करून पाठवले पाहिजेत. एरवी आपण हळदीकुंकवाचे ठराव करतोच की.

तोवर जी सुरी आहे ती तरी नीट ठेवू या. काचेच्या किंवा दगडी ओट्यावर थेट कापलं की धार त्याच दिवशी जाते. लाकडाची किंवा प्लास्टिकची फळी घ्या, आणि मासळीची फळी वेगळी ठेवा. भांड्यांच्या ढिगात सुरी टाकू नका. धार तर जातेच, शिवाय भांडी घासणाऱ्या मावशींचा हात कापतो, त्याचा विचार कोण करणार? काम झालं की साबणानं धुवायची, पुसायची आणि लगेच कोरडी करून ठेवायची. धार लावायला दारावर येणारा सायकलवाला ठिणग्या उडवतो ते पाहायला मजा वाटते, पण पातळ पातं त्या चाकावर जास्त तापलं आणि निळसर झालं तर तिथला कडकपणा गेलाच म्हणून समजा. मधूनमधून पाण्यात बुडव, असं त्याला सांगायचं. त्यापेक्षा कुरुंदाचा दगड घरी आणावा, एक बाजू जाड, एक बारीक. पाच-सात जणींनी मिळून घेतला तरी चालतो. पातं दगडावर पंधरा-वीस अंशात, म्हणजे अगदी थोडं उचलून, दोन्ही बाजूंनी सारखं घासायचं. धार लागली की नाही ते पिकल्या टोमॅटोवर पाहावं. दाबावं लागलं तर अजून बाकी आहे.

एवढं करूनही हात कापतोच कधीतरी, काटा तर हमखास घुसतो. तेव्हा हळद दाबून पुन्हा कामाला लागायची आपली सवय वाईट. वाहत्या पाण्यात साबणानं जखम चांगली धुवा. मळकी जखम असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे पुष्कळ जणींचं शेवटचं इंजेक्शन धाकट्याच्या बाळंतपणातलं असतं आणि तो धाकटा आता कॉलेजात असतो. माशाच्या काट्यातून होणारा एक खास संसर्ग आहे. दोन-चार दिवसांनी बोट जांभळट लाल होतं, सुजतं आणि ठणकतं. वेळेवर औषध घेतलं तर बरं होतं. ज्यांना मधुमेह किंवा यकृताचा आजार आहे त्यांनी जास्त जपावं. समुद्राच्या कोमट पाण्यातले काही जंतू त्यांच्या जखमेतून झपाट्यानं पसरतात. सूज वाढली, ताप आला, फोड आले तर सकाळपर्यंत थांबू नये. आणि जखम असताना मासे साफ करायचेच असतील तर रबरी हातमोजे घाला, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला बसवा. मासा तर सगळेच खातात.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बाजारात गर्दी नसते, मावश्यांनाही जरा उसंत मिळते. माळ्यावरची विळी खाली काढायला, कोयता लोहाराकडे टाकायला आणि चुंबक घेऊन दुकानात जायला हे दोन महिने पुरे आहेत.