भिंत कुणाच्या बापाची?

मी सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला राबणारा. कलेचं मला कुणी शिकवलं नाही. पण भिंत वाचता येते.

घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची झोपडपट्टी 2017-18 साली रंगवली. मेट्रोतून दिसते ना! गारगाडीतल्याला नळाची रांग दिसत नाही, गुलाबी भिंत दिसते. लगेच म्हणाले, हे तर इटलीतलं पोझितानो! रंग बाहेरून. आतल्या ओलीला कोण विचारतो?

अन् आम्ही भिंतीवर निळ्यानं 'जय भीम' लिहिलं की ते विद्रूपीकरण. 1995 चा कायदाच आहे त्याला. त्यांचा ब्रश कला, आमचा गुन्हा!

वरळीची बीडीडी माझं आजोळ. 1974 च्या जानेवारीत दंगल पेटली ती याच चाळींत. 160 चौरस फुटांची खोली. 2025 च्या ऑगस्टात पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या दिल्या, 500 चौरस फुटांच्या. बरं झालं, हक्काचंच होतं. चाळीच्या प्रेमाचे उमाळे संडासाच्या रांगेत कधी उभे न राहिलेल्यांना येतात, मला नाही. पण पोरांनी भिंतीवर काढलेले बाबासाहेब मलब्यात गेले. नव्या टॉवरात त्यांची भिंत कुठली, हे सोसायटीच्या पहिल्याच मिटिंगीत विचारा. जाताना निळ्या रंगाचा डबा घेऊन जा.